रविवारी टाकी धुतली की गुरुवारी पाणी पुन्हा दुधाळ: वाळू आणि ड्रिफ्टवुडच्या टाकीचं जुनं दुखणं

तक्रार साधारण अशी असते. माशांची दोन फुटी टाकी, तळाला वाळू, मधोमध ड्रिफ्टवुडचा, म्हणजे मत्स्यालयात ठेवायच्या सुक्या लाकडाचा, छान वेडावाकडा तुकडा. पहिले दोन दिवस पाणी अगदी नितळ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणी चमचाभर दूध ओतल्यासारखं पांढुरकं होतं, लाकडावर शेंबडासारखा बुळबुळीत थर चढतो आणि मासे वर येऊन मचमच तोंड हलवायला लागतात. आपण घाबरून सगळं उपसतो, घासतो, पुन्हा भरतो. पुन्हा दोन दिवस नितळ, पुन्हा दूध.

मी हे पुण्यात, आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, सलग दोन महिने केलं. रविवारी सकाळी पोह्यांनंतर बादल्या निघायच्या. वाळू घमेल्यात घेऊन नळाखाली धुवायची, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून स्वच्छ करायचा, लाकूड तारेच्या ब्रशने खरवडायचं. दुपारी टाकी अशी दिसायची की शेजारी बघायला यायचे. गुरुवारी तेच शेजारी विचारायचे, "परत?" टाकी बिघडत नव्हती, मी बिघडवत होतो, हे कळायला मला सात मासे गमवावे लागले.

आधी ग्लासभर पाणी काढून ठेवा

काहीही धुवायच्या आधी काचेच्या साध्या ग्लासात टाकीतलं पाणी घ्या आणि रात्रभर ओट्यावर हलवाहलव न करता ठेवा. सकाळी तळाला साका बसलेला दिसला आणि वरचं पाणी निवळलं असेल, तर तो वाळूचा धुरळा आहे. साका नाही आणि पाणी जसंच्या तसं पांढुरकं, तर ते जिवाणू आहेत. हिरवट झाक असेल तर शेवाळ. उजेड कमी करा, तो वेगळा विषय. आणि पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस, पण ग्लासाच्या पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत असेल, तर ते गढूळ नाहीच. तो लाकडाचा रंग आहे.

हे चार प्रकार बाहेरून सारखेच "घाण पाणी" दिसतात आणि चौघांवर एकच इलाज केला जातो: धुणं. त्यातला फक्त पहिला धुण्याने जातो.

साका बसला तर: वाळू

माझी पहिली वाळू बांधकामावरची होती. खालच्या मजल्यावर फ्लॅटचं काम चाललं होतं, म्हटलं चार घमेली घेऊ. ती निघाली क्रश सँड, म्हणजे खडी फोडून केलेली. तिच्यात दगडाचं पीठ इतकं असतं की पंधरा वेळा धुतली तरी पाणी राखाडीच. शिवाय कण धारदार. कोरीडोरससारखे मासे तळाशी मिशा घासत फिरतात. धारदार कण आणि त्यात अडकलेली घाण यांचा पहिला फटका त्या मिशांना बसतो.

नदीची खरी वाळू मिळाली तर उत्तम, पण ती चाळून घ्या. कोकणातून पिशवी भरून आणलेली किनाऱ्यावरची वाळू दिसायला सुंदर असते, मात्र तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो पाण्यात विरघळून पाणी जड करत राहतो. सगळ्यात कमी कटकटीची वाळू मला सापडली ती वेगळ्याच दुकानात: पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका सँड. अर्धा ते एक मिलिमीटरचे सारखे कण, धूळ नावाला, आणि मत्स्यालयाच्या दुकानातल्या रंगीत पाकिटांपेक्षा पुष्कळ स्वस्त.

किती लागते ते दुकानदाराला विचारू नका, तो गोणी विकेल. दोन फूट बाय एक फूट तळाची टाकी म्हणजे साधारण ६० बाय ३० सेंटिमीटर. ४ सेंटिमीटरचा थर हवा असेल तर ७.२ लिटर वाळू, वजनाने साडेअकरा किलोच्या आसपास. यापेक्षा जाड थर नको, कारण खाली येतंय.

धुताना सगळी एकदम धुवायची नाही. दोन-अडीच किलो बादलीत घ्या, पाण्याची धार सोडा, हात कोपरापर्यंत घालून खवळा, ओता. असं आठ-दहा वेळा. शेवटी धुवणाचं पाणी स्टीलच्या पेल्यात घ्या. पेल्याचा तळ चकचकीत दिसला की झालं. टाकीत पाणी भरताना वाळूवर एक थाळी पालथी ठेवा आणि धार थाळीवर सोडा, नाहीतर जे धुतलं ते सगळं पुन्हा उसळून वर येतं. भरून होईपर्यंत फिल्टर बंद. वाळू पंपाच्या पंख्यात गेली की तो खरखरायला लागतो आणि महिन्या-दोन महिन्यांत आटोपतो.

आणखी एक. आपल्याकडे टाकी घेतली की दुकानदार जाळीची प्लेट हमखास गळ्यात मारतो: तळाशी प्लेट, वर खडी, कोपऱ्यात हवेची नळी. खडीसाठी ती ठीक आहे. वाळू तिच्या भोकांतून खाली उतरते किंवा घट्ट बसते, पाणी फिरतच नाही आणि प्लेटखाली नुसता गाळ साठतो. वाळू हवी असेल तर प्लेट काढा आणि स्पंज फिल्टर किंवा काचेला लटकणारा फिल्टर लावा.

याच टप्प्यावर घरातलं कुणीतरी म्हणणार, "तुरटी फिरव की, पावसाळ्यात आम्ही तेच करायचो." धुरळा तुरटीने खाली बसतो, खोटं नाही. पण पुण्यातल्या धरणाच्या नळाच्या पाण्यात मुळातच क्षार कमी असतात. तुरटी त्यांतली आम्लता पेलण्याची ताकद खाऊन टाकते आणि पीएच (आम्लतेचं माप, कमी म्हणजे आम्लता जास्त) धाडकन खाली येतो. त्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना बरं नाही. पिंपाला तुरटी, टाकीला नाही.

साका नाही तर: जिवाणू, आणि रविवारचा घोटाळा

पाणी दुधाळ करणारे जिवाणू हे रोग नव्हेत. पाण्यात विरघळलेलं खाद्य मिळालं की ते झपाट्याने वाढतात. नव्या टाकीत ते खाद्य दोन ठिकाणांहून येतं: आपण जास्त टाकलेल्या दाण्यांतून आणि नव्या लाकडातून झिरपणाऱ्या शर्करेतून. हे जिवाणू प्राणवायू खातात, म्हणून मासे वर येतात.

यांच्याशिवाय आणखी एक जमात असते, आणि खरी कामाची तीच. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ मासे मारतात, तिसरा थोडाफार चालतो. ही जमात पाण्यात तरंगत नाही. ती स्पंजला, वाळूला, लाकडाला चिकटून राहते आणि फार सावकाश वाढते. नवी टाकी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात ते तिच्यामुळे.

आता माझा रविवार पुन्हा बघा. वाळू नळाखाली, स्पंज नळाखाली, नळाच्या पाण्यात क्लोरीन. आठवडाभरात जी काही चार घरं वसली होती ती मी दर रविवारी पाडत होतो. वरून लाकूड तारेने खरवडून त्याचा ताजा भाग उघडा करत होतो, म्हणजे शर्करेचा नवा पुरवठा. गुरुवारी दूध येणार नाही तर काय येणार? टाकी कायम चार दिवसांचीच राहत होती, सहा आठवड्यांची कधी झालीच नाही.

इलाज हातांना शिवशिवायला लावणारा आहे, कारण त्यात करायचं फार थोडं. दोन दिवस खाद्य पूर्ण बंद. गप्पी, मॉली, टेट्रा दोन दिवसांनी मरत नाहीत. हवेचा दगड, म्हणजे हवेच्या नळीचं बुडबुडे सोडणारं टोक, रात्रंदिवस चालू. तिसऱ्या दिवसापासून चिमूटभर खाद्य, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्यातून एकदा पाचवा हिस्सा पाणी बदलायचं, नवं पाणी बादलीत चोवीस तास हवेची नळी सोडून ठेवलेलं किंवा क्लोरीन मारणारं औषध बाटलीवरच्या मापाने घातलेलं. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या त्याच बादलीभर पाण्यात दोनदा दाबायचा, बस. तपकिरी दिसला तरी चालेल. माझा आजही चहाच्या गाळणीसारखा दिसतो.

दुकानात तक्रार घेऊन गेलात तर निळं औषध मिळेल. निळ्याचा म्हणजे मेथिलीन ब्लूचा उपयोग आजारी मासा वेगळ्या डब्यात ठेवून करतात. मुख्य टाकीत ते कामाच्या जिवाणूंनाही झोडपतं, आणि लाकूड, सिलिकॉन, सगळं निळसर होऊन बसतं ते वेगळंच.

अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट मात्र घ्या. बाकी सगळं अंदाजाने चालतं, हे नाही. किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत नवे मासे आणू नका, आणि अमोनिया वाढलेला दिसला तर आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी पाव ते अर्धं पाणी बदला. पाणी बदललं तरी वाळूला आणि स्पंजला हात लावायचा नाही.

लाकडावरचा पांढरा थर आणि चहाचा रंग

नव्या लाकडावर, विशेषतः स्पायडरवुड नावाच्या फांद्याफांद्यांच्या लाकडावर, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कापसासारखा किंवा जेलीसारखा थर येतोच. बुरशी आणि जिवाणूंचं ते जाळं आहे, लाकडातली साखर संपली की जातं. दोन ते सहा आठवडे धरून चला. माशांना त्याचा त्रास नाही. मॉली आणि कोळंबी तर ते चरून खातात. अगदीच बघवत नसेल तर पाणी बदलताना नळीने ओढून घ्या किंवा जुन्या टूथब्रशने अलगद काढा. तारेचा ब्रश नको, कारण वर सांगितलं आहे.

उकळल्याने हा सगळा प्रकार लवकर आवरतो. मी लग्नकार्याला वापरतात तसलं मोठं पातेलं काढलं, लाकूड त्यात तासभर उकळलं, पाणी फेकलं, पुन्हा तासभर. पहिलं पाणी काढ्यासारखं काळंभोर निघालं आणि घरभर ओल्या गोणपाटाचा वास. आईने ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात घेतलं नाही. तुमचं लाकूड पातेल्यात मावत नसेल तर ड्रममध्ये बुडवून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहा. तीन आठवडे लागले तरी घाई नको. चार-पाच तास सलग उकळू नका, धागे सुटून लाकूड भुसभुशीत होतं.

तांबूस रंग टॅनिनचा. तो घालवायचा तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा, आठवड्यात फरक दिसेल. पण घालवायचाच का? ॲमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो, जिचं नावच काळी नदी, तिथलं पाणी असंच असतं आणि कार्डिनल टेट्रा तिथलेच. आपल्याकडेही फायटर माशांची पैदास करणारे लोक मुद्दाम देशी बदामाची वाळलेली पानं पाण्यात टाकतात, ती याच रंगासाठी आणि गुणासाठी. मला तरी तांबूस पाण्यात निऑन टेट्राचा निळा पट्टा जास्त खुलून दिसतो.

रस्त्यावरचं किंवा शेतातलं लाकूड आणणार असाल तर पूर्ण वाळलेलं, कठीण, साल निघालेलं घ्या. चिकाची झाडं नकोत. कडुनिंब आणि करंज तर बिलकूल नको. करंजाचा उपयोग मासे गुंगवून पकडायला पूर्वीपासून होत आला आहे, त्याचं खोड टाकीत ठेवण्यात काय शहाणपण?

लाकूड तरंगतंय म्हणून फरशी बांधली, आणि मासे मेले

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात उशिरा पत्ता लागला ती. रविवारचं धुणं बंद केलं, पाणी निवळलं, लाकडावरचा थरही कमी झाला. तरी दर आठ-दहा दिवसांनी एखादा मासा जायचा.

स्पायडरवुड हलकं असतं, बुडत नाही. म्हणून मी ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडा घेतला, लाकूड त्याला स्क्रूने आवळलं आणि फरशी वाळूखाली गाडली. काळा कडप्पा, काळसर लाकूड, दिसायला फार सुबक. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, माझ्याकडे ९५ च्या आसपास येतो. टाकीचा तीन आठवड्यांत १५० वर गेला आणि पीएच ७.२ वरून ८ च्या जवळ. वाळूवर व्हिनेगर टाकून पाहिलं, बुडबुडे आले नाहीत (ही परीक्षा खाली दिली आहे). लाकूड पाणी जड करत नाही. मग उरलं काय?

कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. शहाबादी फरशीही चुनखडीचीच आणि कोटाही. म्हणजे आपल्या घरात, गच्चीत, जिन्यात ज्या तीन फरश्यांचे तुकडे हमखास पडलेले असतात, त्या तिन्ही टाकीसाठी चुकीच्या. बोअरच्या जड पाण्यात त्यांचा फरक फारसा जाणवणार नाही, कारण ते पाणी आधीच क्षारांनी भरलेलं. पण धरणाच्या हलक्या पाण्यात, त्यात लाकडाच्या टॅनिनची किंचित आम्लता, तिथे फरशी हळूहळू विरघळत राहते.

आणि पीएच वाढण्यानं मासे का जावेत? कारण अमोनिया. पीएच ७ ला एकूण अमोनियातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला आपल्या हॉलच्या तापमानात तोच पाच ते सात टक्के होतो. मुरलेल्या टाकीत अमोनियाच नसतो, त्यामुळे चालून जातं. माझी टाकी रविवारच्या धुण्यातून नुकतीच सुटली होती, अजून मुरलीच नव्हती. दोन चुका एकमेकींना धरून बसल्या होत्या.

तपासायला सोपं आहे. फरशीचा कोपरा खिळ्याने खरवडून पूड काढा, तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका आणि डोळा जवळ नेऊन बघा. बारीक बुडबुडे दिसले की चुनखडी. अख्ख्या गुळगुळीत फरशीवर मला काहीच दिसलं नव्हतं, पुडीवर दिसलं. वाळूचीही हीच परीक्षा: चमचाभर वाळू वाटीत, वर व्हिनेगर, कान लावला तर शिंपल्यांची फसफस ऐकूसुद्धा येते.

लाकूड दाबायला ग्रॅनाइटचा तुकडा वापरा, तोही ओट्याच्या कामातून मिळतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा. किंवा काहीच बांधू नका, लाकूड ड्रममध्ये पुरतं भिजू द्या, आपोआप बसतं. मलेशियन ड्रिफ्टवुड म्हणून विकलं जाणारं गडद जड लाकूड पहिल्या दिवसापासून बुडतं, फक्त रंग जास्त सोडतं.

वाळू ढवळली की सडक्या अंड्याचा वास

हा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. थर जाड असला, किंवा लाकडाच्या बुडाखाली घाण साठून राहिली, की तिथे प्राणवायू पोचत नाही आणि वाळूत काळे पट्टे दिसायला लागतात. म्हणून ४ सेंटिमीटर पुरे. आठवड्यातून एकदा विणायच्या सुईने किंवा जुन्या चॉपस्टिकने वाळू ठिकठिकाणी हलकेच टोचायची. काळा पट्टा मोठा असेल तर एका दिवशी फक्त एका कोपऱ्याएवढा भाग मोकळा करा, सगळा एकदम उलथवू नका. सायफनची नळी वाळूत खुपसायची नाही. बोटभर वर धरून गोल फिरवायची, घाण उडून नळीत येते आणि वाळू जागेवर राहते.

टोकदार शंखाच्या छोट्या गोगलगायी झाडांबरोबर फुकट येतात आणि रात्री वाळूत फिरून हेच काम करतात. फार झाल्या तर समजा खाद्य जास्त पडतंय. झेब्रा लोचही वाळू हुंगत फिरतो. बाजारात तो परदेशी म्हणून खपवला जातो, पण मूळचा आपल्या सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातला. निसर्गात तो आता धोक्यात आहे, तेव्हा घेण्याआधी पैदास केलेला आहे का ते विचारा.

वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी दिसली तर ते डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत येतात, जातात. पुसून टाका.

सगळं नीट असूनही अचानक बिघडलं तर

पाणी कुठून आलं ते बघा. एप्रिल-मेमध्ये आमच्या सोसायटीत टँकर सुरू होतो आणि ९५ चा टीडीएस एका दुपारी ५०० च्या वर जातो. टाकी तीच, बादली तीच, नळही तोच. त्या महिन्यांत मी पाचव्या हिश्श्याऐवजी दहावा हिस्साच बदलतो, पण आठवड्यातून दोनदा. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी टँकरच्या पाण्याने भरलं तर क्षार साठतच जातात. त्यासाठी आरओचं चांगलं पाणी थोडं मिसळतो.

पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास वाढतो, तेव्हा चोवीस तासांच्या भरवशावर राहू नका, औषध घाला. आणि लिफ्टजवळ "उद्या पाण्याची टाकी साफ करणार" अशी चिठ्ठी लागली की त्याच संध्याकाळी दोन बादल्या भरून झाकून ठेवा. सोसायटीच्या धुतलेल्या टाकीत ब्लीचिंग पावडर उरते. पुढचे तीन दिवस मत्स्यालयात नळाचं पाणी घालू नका.